मुलांसाठीची सरकारी मानसोपचार सेवा: बेळगाव सीमाभागातून एक परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी घरात एखादं मूल बोलायला उशीर लावत असेल, शाळेत मागे पडत असेल, चुळबुळीपायी रोज मार खात असेल किंवा दहावीच्या वर्षात एकदम गप्प झालं असेल, तर आधी सरकारी सेवेकडे जावं, असं आमचं मत आहे. औषधं मोफत मिळतात, अपंगत्वाचं प्रमाणपत्र इथूनच निघतं आणि डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता असे तिघे एकाच व्यवस्थेत भेटतात. खासगीत हे तिघे शोधायला तीन ठिकाणी जावं लागतं आणि तीनदा फी भरावी लागते.

पण ही सेवा दोन जागी हमखास अडते. मुलाची तपासणी कुठल्या भाषेत झाली, ही पहिली जागा. दवाखान्यात ठरलेलं शाळेपर्यंत पोचलं का, ही दुसरी. सेवा चांगली की वाईट, हे या दोन गोष्टींवर ठरवावं. नवीन इमारत, गोळ्यांची संख्या, डॉक्टरांच्या पाटीवरच्या पदव्या यावरून काही कळत नाही.

काय काय मिळतं आणि कुठे

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. त्याला जमिनीवर आणणारा नमुना कर्नाटकातच, बळ्ळारी जिल्ह्यात, बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने उभा केला, आणि त्यावरूनच १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशभर पसरत गेला. जिल्ह्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार समाजकार्यकर्ता आणि परिचारिका ही पदं असतात. मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी ठेवण्याची कर्नाटकची पद्धत आहे. कुठल्या मंगळवारी तज्ज्ञ स्वतः येणार, हे आशाताईंकडून किंवा तालुका रुग्णालयातून आदल्या दिवशी पक्कं करून घ्यावं. जंगलकडेच्या गावातून पोराला घेऊन निघायचं आणि डॉक्टर पुढच्या आठवड्यात आहेत असं कळायचं, यात अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते.

अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलासाठी आणखी एक वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येते. शून्य ते अठरा वयातल्या ठरावीक आजारांची चाळणी ती करते, त्यात विकासातला उशीरही येतो. शंका वाटलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेली मुलं या चाळणीतून सुटतात, कारण ती गाडी तिथे जात नाही. अशा पालकांनी आपणहून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पत्र घ्यावं.

बेळगावात सिव्हिल हॉस्पिटल बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. त्याहून अवघड प्रश्न असेल तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था. १८४५ पासून चालत आलेल्या मनोरुग्णालयाची ती आजची संस्था. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून (सीबीटी) धारवाडला थेट गाड्या आहेत आणि जून २०२३ पासूनच्या, बायकांना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेत आईचं तिकीट लागत नाही. आधार कार्डावर कर्नाटकचा पत्ता हवा आणि गाडी साधी हवी.

बालमानसोपचारतज्ज्ञाने काय करायचं असतं

बालमानसोपचार ही मानसोपचारानंतरची आणखी पुढची पदवी आहे आणि असे डॉक्टर देशभरातच मोजके आहेत. जिल्हा पथकात पद असतं ते साध्या मानसोपचारतज्ज्ञाचं. त्यामुळे प्रत्येक मूल बालमानसोपचारतज्ज्ञाने स्वतः बघावं ही अपेक्षा धरणं व्यवहाराला धरून नाही, आणि तशी गरजही नाही. चांगल्या सेवेत त्यांचं काम वेगळं असतं. अंगणवाडीताईला काय बघायचं ते शिकवणं, प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरला कुठली मुलं तिथेच हाताळता येतात ते सांगणं, मानसशास्त्रज्ञाने केलेल्या चाचण्या तपासणं, आणि खरोखर गुंतागुंतीचं मूल स्वतःकडे घेणं.

एक साधं उदाहरण, अंथरुण ओलं करण्याचं. पाच वर्षांच्या पुढचं मूल आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा, सलग तीन महिने अंथरुण ओलं करत असेल तर बघायला हवं. हे काम प्राथमिक केंद्रात होतं. लघवीची आणि साखरेची तपासणी, बद्धकोष्ठता आहे का याची चौकशी (पोट साफ नसलं की मूत्राशयावर दाब येतो, आणि ही गोष्ट निम्म्या वेळा विचारलीच जात नाही), संध्याकाळी सातनंतर पाणी-चहा कमी, झोपण्याआधी लघवीला जाऊन येणं, कोरड्या रात्रीची कॅलेंडरवर खूण. मारणं आणि चारचौघांत लाजवणं पूर्ण बंद. एवढ्याने बरीच मुलं सुधारतात. पण सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर मामला निराळा. मधुमेह, लघवीचा संसर्ग, घरातलं भांडण, शाळेतली भीती, कुणी केलेला अत्याचार, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. अशा मुलाला वर पाठवायचं असतं. प्रशिक्षण नीट झालेल्या केंद्रात हा फरक कळतो. जिथे झालेलं नसतं तिथे दोघांनाही तीच गोळी मिळते. त्या गोळ्यांपैकी इमिप्रामिन चुकून जास्त पोटात गेली तर हृदयाला धोका होतो. ती कपाटात, कुलपात ठेवायची.

पहिल्या भेटीचा दर्जा कसा ओळखायचा? नव्या मुलाला पाऊण ते एक तास लागतो. गरोदरपणातला त्रास, जन्मताच रडलं का, मान कधी धरली, पहिला शब्द कधी आला, झटके येऊन गेले का, कानाने नीट ऐकू येतं का, झोप, खाणं, घरात कोण कोण, शाळेच्या वह्या, हे सगळं विचारलं जायला हवं. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोलायला हवं. बोलण्यात उशीर असलेल्या मुलाची श्रवणचाचणी झाल्याशिवाय स्वमग्नतेचा शिक्का मारू नये. हे सगळं गाळून पाच मिनिटांत औषध लिहून मिळालं, तर "मुलाची पूर्ण हिस्टरी कधी घेणार, डॉक्टर?" असं स्पष्ट विचारावं. गर्दीच्या दिवशी डॉक्टर पुढची तारीख देतील, ते चालेल. हिस्टरी कधीच न घेणं चालणार नाही.

जाताना न्यायचे कागद: जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, आधार, रेशन कार्ड, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, मराठी आणि गणिताची चालू वर्षाची वही, वर्गशिक्षकांचं चार ओळींचं पत्र. शिवाय मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात मूल घरी नेहमीसारखं खेळताना दिसतं. दवाखान्यात मूल बुजतं आणि डॉक्टरांना भलतंच चित्र दिसतं. झटक्यासारखं काही होत असेल तर त्या वेळचा व्हिडिओ दहा प्रश्नांचं काम करतो.

भाषेचा प्रश्न, सविस्तर

इथे सेवा सर्वांत कच्ची पडते आणि नुकसानही इथेच सर्वांत मोठं होतं. मूल घरी मराठी बोलतं, मराठी शाळेत शिकतं, गल्लीत थोडी कन्नड कानावर पडते. तपासणारा कन्नड किंवा इंग्रजी बोलणारा. अर्थ सांगणं, साम्य-भेद ओळखणं, वाक्य ऐकून म्हणून दाखवणं असले प्रश्न परक्या भाषेत विचारले की गुण पडतात, आणि अहवालात बुद्ध्यांक कमी दिसतो.

याचा हिशेब कसा बसतो ते बघा. बौद्धिक अक्षमतेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीचा गुणांक ५५ ते ६९ आला तर ५० टक्के अपंगत्व धरलं होतं, ७० ते ८४ आला तर २५ टक्के. लाभ मिळतात ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर. म्हणजे तीन-चार गुणांनी मूल या बाजूला किंवा त्या बाजूला जातं. शिकण्याच्या अक्षमतेच्या मुलाचं याच्या उलट होतं. त्याचा बुद्ध्यांक सर्वसाधारण असतो, पण भाषेमुळे कमी दिसला तर त्याला मतिमंद म्हणून काढून टाकतात आणि त्याला हवी असलेली वाचन-लेखनाची मदत कधीच मिळत नाही. दुसरं मूल खरोखर मागे असतं, आणि त्याच्या घरी सांगितलं जातं की कन्नड येत नाही म्हणून गुण कमी आले, काळजी करू नका. दोन्ही चुका सारख्याच महाग आहेत.

साधनं नाहीत म्हणून हे होतं असं मात्र नाही. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी मुळात मुंबई-कर्नाटक भागातल्या कन्नड आणि मराठी मुलांसाठीच, १९३४ मध्ये तयार झाली. तिची मानकं जुनी झाली आहेत आणि काही प्रश्न आजच्या मुलाला परके वाटतात, म्हणून तिच्या एकटीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, पण मराठीतून घेता येते. सेगाँचा फॉर्म बोर्ड (लाकडी आकार खाचांत बसवणं), रेव्हनच्या रंगीत आकृत्यांची कोडी यांत भाषा जवळपास लागतच नाही. वाचनाच्या अडचणीसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेलं डाली हे साधन मराठीतही आहे, कन्नडमध्येही आहे. त्यात पहिली-दुसरीच्या आणि तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी वेगळ्या चाळणी-प्रश्नावल्या आहेत. सीमाभागातल्या प्रत्येक मराठी शाळेत त्या पोचायला हव्यात, असं आम्हाला फार वाटतं.

पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. चाचणी सुरू होण्याआधीच सांगावं: "मुलाची शिकण्याची भाषा मराठी आहे, चाचणी मराठीतून घ्या." मराठी बोलणारा मानसशास्त्रज्ञ त्या दिवशी नसेल तर भाषा न लागणारी चाचणी आज करून घ्यावी आणि भाषेच्या भागासाठी दुसरी तारीख मागावी. आई किंवा आत्या शेजारी बसून प्रश्नांचं भाषांतर करत असेल तर ती चाचणी धरू नये, कारण भाषांतर करताना माणूस नकळत उत्तरच सुचवून जातो. आणि अहवालात चाचणी कुठल्या भाषेत झाली ते लिहून घ्यावं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ मध्ये आजार, उपचार आणि औषधांचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत सांगण्याचा हक्क दिलेला आहे. भांडण न काढता या कलमाचा शांतपणे उल्लेख केला तरी काम होतं. इथे सीमावादाचा सूर लावून काही साधत नाही. आमच्या बघण्यात बहुतेक कन्नड डॉक्टर आणि सिस्टर मोडकी का होईना मराठी बोलायचा प्रयत्न करतात. त्यांच्या हाती मराठीतली छापील साधनं नसतात, ही खरी उणीव आहे.

भाषेवरून एक चुकीचा सल्ला या भागात सर्रास फिरतो: "मूल बोलत नाही, तर घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी." दोन भाषा कानावर पडल्याने बोलण्यात आजारासारखा उशीर होत नाही, स्वमग्नता वाढत नाही. उलट मोडक्या इंग्रजीत "कम, सिट, ईट" एवढंच बोलणारी आई मुलाशी निम्मंही बोलत नाही. आजीच्या ओव्या, गप्पा, चिडवणं हे सगळं बंद होतं, आणि मुलाला भाषेचा जो भरपूर मारा हवा असतो तोच कमी पडतो. आईने आईच्या भाषेत बोलावं.

शाळेपर्यंत काय पोचतं

अतिचंचल मुलाचं उदाहरण घेऊ. सहा वर्षांखाली औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण, आठ-दहा सत्रं. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी रोजची चिठ्ठी. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या: जागेवर बसला, फळ्यावरचं उतरवून घेतलं, कुणाला मारलं नाही. प्रत्येक तासिकेनंतर बाई खूण करतात. आठ तासिकांच्या चोवीस खुणा होतात. पहिल्या आठवड्यात चोवीसपैकी बारा बरोबर आल्या तरी त्याच संध्याकाळी बक्षीस. पैसे किंवा चॉकलेट नको. पंधरा मिनिटं जास्तीचं क्रिकेट किंवा आजोबांबरोबर शेतावर चक्कर पुरेशी असते. दर आठवड्याला दोन-दोन खुणांनी पट्टी वर न्यायची.

ही योजना मोडते कशी, तेही ठरलेलं आहे. गोष्टी तीनऐवजी दहा लिहिल्या जातात. बक्षीस रविवारवर ढकललं जातं, आणि अशा मुलाला रविवार फार लांब असतो. बाई फक्त फुल्या मारतात आणि चिठ्ठी तक्रारवही होऊन बसते. दोन आठवडे बरं चाललं की घरचे थांबतात. आणि सर्वांत जास्त वेळा असं होतं की चिठ्ठी शाळेला कळलेलीच नसते, कारण डॉक्टरांनी तोंडी सांगितलं आणि आईला ते बाईंना पटवता आलं नाही. म्हणून डॉक्टरांच्या सहीचं, मराठीत लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र मुख्याध्यापकांच्या नावे मागून घ्यावं. त्यात आजाराचं नाव नसलं तरी चालेल. पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, मधल्या सुट्टीआधी एकदा वर्गाबाहेर कामाला पाठवा, एवढं असलं तरी पुरे. समग्र शिक्षणाखाली प्रत्येक ब्लॉकमध्ये विशेष गरजांच्या मुलांसाठी विशेष शिक्षक असतात, त्यांना बीआयईआरटी म्हणतात. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात चौकशी केली की त्यांचा शाळाभेटीचा दिवस कळतो. त्या दिवशी पत्र त्यांच्या हातात पडलं की पुढची वाट सोपी होते.

दर्जाच्या दृष्टीने बघायचं तर दवाखान्याची बाजू बरी आणि शाळेची बाजू शिक्षकावर अवलंबून, असं चित्र आहे. एका शाळेत बाई जीव लावून चिठ्ठी भरतात. तिथून तीन मैलांवरच्या शाळेत "आमच्याकडे एका वर्गात दोन इयत्ता आहेत, हे कधी करू?" असं उत्तर येतं, आणि ते उत्तर खोटं नसतं.

औषधांबद्दल

बुद्धी वाढवणारं औषध नाही. मतिमंदत्वासाठी किंवा अभ्यासासाठी म्हणून लिहिलेली टॉनिकं, सिरपं, "ब्रेन" नावाच्या गोळ्या यांवर महिन्याला हजाराच्या नोटा जातात आणि हाती काही लागत नाही. सरकारी चिठ्ठीवर अशी औषधं सहसा नसतात, हा या सेवेचा मोठा गुण.

अतिचंचलतेसाठी मिथाइलफेनिडेट उपयोगी आहे, पण ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित असल्यामुळे प्रत्येक औषधभांडारात किंवा मेडिकलमध्ये असेल असं धरू नका. चिठ्ठी संपायच्या आठवडाभर आधी चौकशी करा. भूक आणि झोप कमी होते, म्हणून सकाळचा डोस पोटभर न्याहारी झाल्यावर. वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी, नाडी आणि रक्तदाब डोस बदलताना प्रत्येक वेळी नोंदवलेलं हवं. केस पेपरवर हे आकडे नसतील तर नोंद होत नाही असं समजा आणि विचारा.

स्वमग्न मुलाचा टोकाचा चिडचिडेपणा किंवा स्वतःला मारून घेणं यासाठी रिस्पेरिडोन अगदी कमी मात्रेत सुरू करतात, वजनाप्रमाणे दिवसाला ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमपासून. त्याने बोलणं येत नाही. हे आधी सांगितलं नाही की पालक तीन महिने वाट बघतात आणि मग सगळेच उपचार सोडतात. वजन झपाट्याने वाढतं, म्हणून वजन आणि उपाशीपोटीची साखर बघत राहावं लागतं. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन लिहिलं तर परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. झटक्यांसाठी मुलीला सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ती वयात येण्याआधी दुसऱ्या औषधाचा विचार करा असं डॉक्टरांना म्हणावं, कारण पुढे गरोदरपणात बाळाला त्याने इजा होते. झटक्यांची कुठलीही गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही.

खानापूरच्या पश्चिमेची, भीमगडच्या जंगलातली गावं पावसाळ्यात तुटतात. मे महिन्याच्या भेटीतच दोन महिन्यांचा साठा मागून घ्यावा. समाजकार्यकर्त्याने गावाचं नाव केस पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं की औषध देणाऱ्यालाही कारण समजतं.

देवरुष्याकडे जाणं, उतारा टाकणं, यल्लम्माला किंवा दर्ग्याला नवस बोलणं हे इथल्या घरांत चालतं. चांगले डॉक्टर त्याला हिणवत नाहीत. गोळी बंद करायची नाही, मुलाला उपाशी ठेवायचं नाही, धूर, चटका, मार द्यायचा नाही, एवढ्या अटी घालून बाकी घरच्यांवर सोडतात. ही पद्धत आम्हाला योग्य वाटते, कारण हिणवलेला पालक परत येत नाही.

प्रमाणपत्र

यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज, मग वैद्यकीय मंडळाची तारीख, मग कार्ड. स्वमग्नतेसाठी इस्सा ही ४० प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. ७० च्या खाली स्वमग्नता नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. शिकण्याच्या अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, त्यामुळे पहिलीतल्या मुलासाठी खेटे घालण्यात अर्थ नाही. त्याला प्रमाणपत्राविनाच वाचनाचा सराव सुरू करावा. केंद्र सरकारच्या परीक्षाविषयक सूचनांत ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक आहे. एसएसएलसीसाठी (कर्नाटकातली दहावीची परीक्षा) सवलतीचा अर्ज शाळेमार्फत, परीक्षेच्या नोंदणीबरोबरच जायला हवा. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग होत नाही. नववीच्या सुरुवातीला कागद तयार असले की काम निर्धास्त होतं.

संकटाच्या वेळी

१४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, १० ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मोफत. भाषा निवडायला सांगतात, तिथे मराठी निवडा. मुलावर संकट असेल तर १०९८ ही चाइल्डलाइनही आहे. फोनवरचं समुपदेशन पहिला आधार म्हणून चांगलं. महिनोन्महिने चालणाऱ्या उपचाराची जागा ते घेत नाही.

शेतकरी घरात एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. तणनाशक आणि कीटकनाशकाच्या बाटल्या गोठ्याच्या माळ्यावर न ठेवता कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे असू द्या. आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही तशाच. परीक्षेच्या निकालाच्या आठवड्यात तर नक्कीच. मुलाला "तुला मरावंसं वाटतं का रे?" असं सरळ विचारल्याने तसले विचार डोक्यात भरत नाहीत. विचारलं की मूल बोलतं. काही झालंच तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरतात, शिक्षा करत नाहीत.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर पॉक्सो कायद्याने डॉक्टरांना ती कळवणं बंधनकारक आहे. चांगला डॉक्टर हे मुलाला आणि आईला आधी सांगतो, मग पुढचं विचारतो.

मुलाला दाखल करावं लागलं तर कलम ८७ लक्षात ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, सोबत घरचं माणूस राहू देणं बंधनकारक आहे, मुलीसोबत बाईमाणूसच हवं, आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य मंडळाला कळवावं लागतं. स्वतंत्र जागा नसेल तर तसं सांगून दुसरीकडे पाठवायला म्हणा.

सीमेपलीकडे जावं का

निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, कागवाडहून मिरज हाकेच्या अंतरावर, आणि खानापूरहून गोव्याचीही वाट आहे. कोल्हापूर-मिरजेत तपासणी मराठीत होते, ही मोठी जमेची बाजू. निदान आणि चाचण्या तिकडे आणि महिन्याचं औषध, शाळेचा पाठपुरावा, अपंगत्वाची पेन्शन आपल्या तालुक्यात, अशी विभागणी चालते. त्यासाठी तिकडचा अहवाल औषधांच्या मूळ नावांसह घ्यावा, कंपनीच्या नावांनी लिहिलेली चिठ्ठी इकडच्या सरकारी भांडारात उपयोगाची नसते. अपंगत्वाचा अर्ज रहिवासाच्या जिल्ह्यात म्हणजे बेळगावात करावा. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, पण पेन्शन ज्या त्या राज्याची. दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या माहीत हव्यात. त्या लपवल्या तर एकाच जातीची दोन औषधं मुलाच्या पोटात जातात.

अठराव्या वर्षी

इथे सेवेची कडी सुटते. मुलांच्या ओपीडीतून मोठ्यांच्या ओपीडीत जाताना बरीच मुलं गळतात. सतरा पूर्ण झाले की डॉक्टरांकडे सविस्तर सारांश मागा: निदान, कुठली औषधं लागू पडली, कुठली नाही, कशाने बिघडतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर अठराव्या वर्षानंतर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. याच न्यासाची निरामय विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते आणि त्यात ओपीडी व थेरपीही धरतात. ती मात्र कुठल्याही वयात घेता येते, त्यामुळे कार्ड हाती आल्या महिन्यातच अर्ज करून टाकावा.